बदामाचा वास, शेंगदाण्याचे कूट

सणासुदीच्या दिवसांत वरळी नाक्याच्या आसपास मिठाईच्या दुकानांपुढे जी गर्दी लोटते, तीत मुंबईतले सारे थर एकत्र आलेले दिसतात. समुद्राकडच्या उंच इमारतींतून आलेले गिऱ्हाईक आणि बी. डी. डी. चाळींतून आलेले गिऱ्हाईक एकाच काचेच्या कपाटापुढे उभे असते. कपाटात हिरवीगार पिस्ता बर्फी असते, बदामाची कतली असते, बाजूच्या शीतकपाटात केशर-पिस्ता कुल्फी असते. या दोन गिऱ्हाइकांच्या ऐपतीत जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी समोरच्या बर्फीत नेमके काय आहे याविषयीचे त्यांचे अज्ञान अगदी सारखे असते. बर्फी हिरवी आहे म्हणून ती पिस्त्याची आणि तिला एक विशिष्ट गोडसर-कडवट वास आहे म्हणून तीत सुकामेवा भरपूर, एवढ्या दोन पुराव्यांवर दोघेही समाधान मानतात. वास्तविक हे दोन्ही पुरावे बाटलीतून येतात.

या बाटलीला बाजारात ‘इसेन्स’ म्हणतात. तिच्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एक म्हणजे ‘इसेन्स म्हणजे विष’ आणि दुसरे म्हणजे ‘एवढ्याशा थेंबाने काय होणार?’ दोन्ही मते आळशीपणाची आहेत. या विषयातील खरी जोखीम कोठे आहे आणि कायद्याची नजर कोठे लागलेली आहे, हे ताडून पाहिल्यास दोहोंची गाठ फारशी पडत नाही, असेच दिसून येते.

प्रथम वासाची गोष्ट. आपल्या बाजारातील पिस्ता आइस्क्रीमला बहुतेक वेळा पिस्त्याचा वास नसतोच. पिस्त्याचा स्वतःचा गंध मंद असतो आणि तो दुधासाखरेत सहज बुडून जातो. गिऱ्हाइकाला जो ‘पिस्त्याचा’ वास म्हणून परिचित आहे, तो पुष्कळदा कडू बदामाचा असतो. गोड्या बदामालाही हा वास जवळजवळ नसतो. कडू बदामात, त्याचप्रमाणे जर्दाळू आणि पीच यांच्या बियांत, अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते. बी वाटून ओली केली की त्याचे विघटन होते आणि त्यातून साखर, बेन्झाल्डिहाइड आणि हायड्रोसायनिक आम्ल ही बाहेर पडतात. यांपैकी बेन्झाल्डिहाइड म्हणजेच आपला बदामी वास. लीबिग आणि व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ साली कडू बदामाच्या याच तेलावर प्रबंध लिहिला आणि सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासात त्यास मानाचे स्थान मिळाले. पुढे हेच द्रव्य टोल्युइनपासून कारखान्यात तयार होऊ लागले आणि बदामाच्या वासासाठी बदामाची गरज उरली नाही.

येथे एक गोष्ट ‘नैसर्गिक’ या शब्दाच्या भक्तांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. कडू बदामाच्या अशुद्ध नैसर्गिक तेलात दोन ते चार टक्के हायड्रोसायनिक आम्ल असते आणि ते जहाल विष आहे. ते काढून टाकल्याखेरीज हे तेल अन्नात वापरता येत नाही. कारखान्यातील बेन्झाल्डिहाइडमध्ये हे विष मुळातच नसते. शरीरात गेल्यावर त्याचे बेन्झोइक आम्ल होते आणि मूत्रावाटे ते बाहेर पडते. अन्नातील मिश्रद्रव्यांची छाननी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने या गटातील द्रव्यांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ५ मिलिग्रॅम ही मर्यादा दीर्घकाळ सांगितली होती. ती जुनी, अधिक कडक मर्यादा धरली, तरी २० किलो वजनाच्या मुलासाठी १०० मिलिग्रॅम होतात. समजा, एका किलो आइस्क्रीममध्ये ५० मिलिग्रॅम बेन्झाल्डिहाइड घातले आहे आणि मुलाने १०० ग्रॅमचा कप खाल्ला, तर त्याच्या पोटात जातात ५ मिलिग्रॅम. असे वीस कप रोज खाणाऱ्या मुलाच्या बाबतीत चिंतेची कारणे निराळी असतील. उलटपक्षी खऱ्या पिस्त्यावर आणि शेंगदाण्यावर नीट साठवण न झाल्यास बुरशी धरते आणि तिच्यातून यकृताला घातक असे अफ्लाटॉक्सिन निर्माण होते. युरोपीय समुदायाने १९९७ साली इराणी पिस्त्यांची आयात काही काळ थांबविली, ती याच कारणासाठी. इसेन्सला बुरशी लागत नाही.

मग इसेन्सची तरफदारी करावयाची काय? मुळीच नाही. रसायनशास्त्राने बदामी वासाचे आणखी एक द्रव्य एकोणिसाव्या शतकातच बाजारात आणले होते. ते म्हणजे नायट्रोबेन्झीन. ‘मिरबेनचे तेल’ अशा गोंडस नावाने युरोपात ते साबणात आणि स्वस्त मिठाईतही वापरले गेले. त्याचा वास हुबेहूब कडू बदामाचा, परंतु ते पोटात गेले की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती नष्ट होऊ लागते. दोन बाटल्या, वास एकच. एक निरुपद्रवी आणि दुसरी प्राणघातक. नाकाला हा भेद कळत नाही. तो कळण्यासाठी बाटलीवर नाव लागते, त्या नावाची शहानिशा करणारी प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळेकडे नमुना पोहोचविणारा अधिकारी लागतो. साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे.

आपला कायदा या नावाचे काय करतो? अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याखालील नियमांत पुढे स्वादद्रव्यांचे तीन वर्ग करण्यात आले आणि २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आल्यानंतर २०११ च्या नियमांनीही तेच पुढे चालविले. हे वर्ग म्हणजे नैसर्गिक, निसर्गसदृश आणि कृत्रिम. निसर्गात आढळणारेच द्रव्य कारखान्यात केले, तर ते निसर्गसदृश. निसर्गात न आढळणारे ते कृत्रिम. त्याबरोबर बंदी असलेल्या द्रव्यांची एक यादीही आहे. तीत कुमारिन, टोंका बी, सॅफ्रोल, थुजोन इत्यादी नावे आढळतात. यादी आवश्यक आहे, यात वाद नाही. परंतु वेष्टनावरील माहितीचा नियम पाहावा. स्वाद कृत्रिम असल्यास त्याचे नाव लिहावे लागते. नैसर्गिक किंवा निसर्गसदृश असल्यास केवळ वर्गाचे नाव पुरते. म्हणजे बेन्झाल्डिहाइड टोल्युइनपासून केलेले असले, तरी निसर्गात ते आढळते एवढ्या पुण्याईवर त्याला आपले नाव सांगण्यापासून सूट मिळते. ‘निसर्गसदृश’ हा वर्ग ग्राहकाची दिशाभूल करतो, हे ओळखून युरोपीय संघाने तो २००८ च्या आपल्या नियमांतून काढून टाकला आणि आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनेही त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूत्रांत त्याला स्थान दिले नाही. आपण तीन वर्षांनंतर नवे नियम करताना तो मोठ्या निष्ठेने जपला.

बाटलीतील वासाचे द्रव्य असते थोडे. बाकीचा भाग असतो तो त्याला विरघळविणाऱ्या द्रवाचा. ग्लिसरीन, प्रॉपिलिन ग्लायकॉल असे हे द्रव असतात. आपल्या नियमांत एक छोटेसे वाक्य आहे : स्वादद्रव्यांसाठी डायएथिलिन ग्लायकॉल हे द्रावक म्हणून वापरता कामा नये. मुंबईकराने तरी हे वाक्य सहज ओलांडून जाऊ नये. १९८६ च्या प्रारंभी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलने १४ रुग्णांचे बळी घेतले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच डायएथिलिन ग्लायकॉल होते. न्या. लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी करताना अन्न व औषध प्रशासनाच्या कारभाराची जी चिरफाड केली, ती महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात संस्मरणीय ठरली. अमेरिकेत १९३७ साली याच द्रवात विरघळविलेल्या औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. आणि हा इतिहास जुना झाला असे म्हणावे, तर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची लहान मुले खोकल्याच्या औषधातील याच द्रव्याने मृत्युमुखी पडली. त्यांपैकी कित्येकांवर उपचार चालू होते ते आपल्या नागपुरात.

औषधाच्या बाबतीत ही गत, तर इसेन्सची काय कथा! वरळीकरांना औषधांचा कारखाना नवा नाही. अ‍ॅनी बेझंट मार्गावरच्या ग्लॅक्सोत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, अशी माणसे या भागात भेटतात. कच्च्या मालाची प्रत्येक टाकी तपासून घेणे, प्रत्येक घाण्याला क्रमांक देणे, नोंदवहीवर सही केल्याशिवाय पुढचे काम न करणे, ही औषधाच्या कारखान्याची शिस्त. स्वादद्रव्ये बनविणाऱ्या नामांकित कंपन्याही अशी शिस्त पाळू शकतात. १९२२ पासून सुगंधाच्या व्यवसायात असलेली एस. एच. केळकर आणि कंपनी तर मुंबईचीच. ज्ञानाचीही वाण नाही. वरळीहून माटुंग्याला जाण्यास किती वेळ लागतो? तेथील रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे पूर्वीच्या यू. डी. सी. टी. ने, १९३३ पासून रसायनतंत्रज्ञांच्या पिढ्या घडविल्या. चिंता आहे ती अशा कारखान्यांची आणि संस्थांची नसून, मोठ्या कॅनमधून लहान बाटलीत आणि लहान बाटलीतून बिनचिठ्ठीच्या बाटलीत उतरणाऱ्या मालाची. कुल्फीवाला, गोळेवाला, चाळीतल्या खोलीत नानकटाई भाजून विकणारी गृहिणी यांच्या हाती जी बाटली पडते, तिच्या वंशावळीचा पत्ता कोणालाही सांगता येत नाही. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही फसविलेलेच असते.

परंतु सुकामेव्याच्या इसेन्सची सर्वांत गंभीर बाजू बाटलीबाहेरची आहे. हा वास नुसता पदार्थाला शोभा आणीत नाही. तो एका वस्तूच्या जागी दुसरी वस्तू बसविण्याची सोय करतो. पिस्ता महाग, बदाम महाग, शेंगदाणा त्या मानाने कितीतरी स्वस्त. शेंगदाण्याचे कूट किंवा काप घ्यावे, हिरवा रंग द्यावा, दोन थेंब इसेन्स टाकावा की झाला पिस्ता. शेंगदाण्यांना रंग चढवून पिस्ते म्हणून विकण्याचे उद्योग नागपुरात पकडले गेल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत येऊन गेल्या. वर्तमानपत्रांनी त्या ‘भेसळ’ या सदराखाली छापल्या आणि वाचकाने ‘पैशाला फसविले’ एवढाच अर्थ घेतला. ज्याला शेंगदाण्याचे वावडे आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न पैशाचा नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात २०१४ च्या जानेवारीत घडलेली एक घटना या संदर्भात मुद्दाम सांगितली पाहिजे. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या एका माणसाने भारतीय पद्धतीच्या उपाहारगृहातून चिकन टिक्का मसाला मागविला. त्यात दाणे किंवा सुकामेवा नको, असे त्याने बजावले होते. तो रस्सा खाऊन त्याचा मृत्यू झाला. खटल्यात जे पुढे आले, ते असे : मालकाने खर्च वाचविण्यासाठी बदामाच्या पुडीऐवजी शेंगदाणा असलेले स्वस्त मिश्रण वापरावयास सुरुवात केली होती. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला २०१६ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. बदामाच्या जागी शेंगदाणा घालणे, हा आपल्याकडे ज्याला कोणी गुन्हादेखील म्हणणार नाही असा व्यवहार. त्याने तेथे एक जीव घेतला.

आपल्याकडे अशी अ‍ॅलर्जी पाश्चात्त्य देशांइतकी आढळत नाही, असे सांगून हा विषय सहसा झटकला जातो. संख्या कमी असेलही, परंतु ज्या घरात असे मूल आहे, त्या घराला संख्येचा काय दिलासा? शिवाय महाराष्ट्रात अडचण भाषेपासूनच सुरू होते. इंग्रजीतील ‘नट्स’ या शब्दात बदाम-पिस्त्यांबरोबर लोक शेंगदाणाही सरसकट धरतात. मराठीत बदाम, पिस्ता, काजू हा सुकामेवा आणि शेंगदाणे ते ‘दाणे’. ‘यात सुकामेवा आहे का?’ असे विचारले, तर दाण्याचे कूट घातलेल्या पदार्थाविषयी दुकानदार प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ज्या प्रांतात कोशिंबिरीपासून उपासाच्या खिचडीपर्यंत दाण्याचे कूट पडते, तेथे ते घातले हे सांगण्यासारखे काही आहे, असे कोणास वाटतच नाही.

यातील विपरीत भाग असा की, निव्वळ कृत्रिम इसेन्स घातलेली आणि दाणा वा मेवा मुळीच नसलेली कुल्फी अशा रुग्णाला बहुधा बाधत नाही. कारण बाधा होते ती दाण्यातील प्रथिनांची आणि कारखान्यातील बेन्झाल्डिहाइडमध्ये प्रथिने नसतात. ज्याला बदामाचे वावडे आहे, त्याचा मित्र कोण आणि शत्रू कोण, हे वासावरून ठरविता येत नाही. वरळी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला घरोघरी ओले खोबरे किसून जो नारळीभात शिजतो, त्याचा गंध आणि नारळाच्या स्वादाच्या बिस्किटातील गॅमा-नोनालॅक्टोनचा गंध नाकाला एकाच दिशेने नेतात. पहिल्यात खोबरे आहे आणि दुसऱ्यात ते नसूही शकते.

स्वादद्रव्यांच्या जोखमीचा आणखी एक पैलू ग्राहकाचा नसून कामगाराचा आहे आणि गिरणगावाशी जोडलेल्या वरळीत तो समजावून सांगण्याची गरज पडू नये. कापसाच्या तंतूंनी छाती भरलेले गिरणी कामगार या वस्तीने पाहिले आहेत. अमेरिकेत मिसूरी राज्यातील जॅस्पर येथील लाह्यांच्या कारखान्यात लोण्याच्या वासाचे डायअ‍ॅसिटिल हुंगून कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्याचे २००० साली उघडकीस आले. खाणाऱ्याला जे द्रव्य निरुपद्रवी ठरले होते, ते तापलेल्या पिंपावर वाकणाऱ्याला घातक निघाले. स्वादद्रव्याला सुरक्षित ठरविताना ते कोणासाठी सुरक्षित, हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे इसेन्स मिसळणाऱ्या छोट्या गाळ्यांत तो अजूनही विचारला जात नाही.

दिवाळीपूर्वी अन्न व औषध प्रशासनाचे छापे पडतात, खव्याच्या गोण्या जप्त होतात, छायाचित्रे येतात. खवा तपासू नये असे नाही. परंतु खव्याच्या गोणीमागे जितके मनुष्यबळ धावते, त्याच्या दशांश तरी इसेन्सच्या बाटलीमागे आणि ‘पिस्त्या’च्या पोत्यामागे धावले पाहिजे. नमुना आल्यापासून चौदा दिवसांत विश्लेषकाने अहवाल द्यावा, असे २००६ चा कायदा सांगतो. अधिकाऱ्यांची अपुरी संख्या ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण काय तपासावयाचे याचा अग्रक्रम ठरविण्यास वाढीव पदे लागत नाहीत.

कायद्यातील दुरुस्त्याही अवघड नाहीत. फळाचा रस नसलेल्या, केवळ फळाचा स्वाद दिलेल्या सोड्याच्या बाटलीवर ‘यात फळ नाही’ असे छापण्याची सक्ती आपल्याकडे आहेच. तोच न्याय कुल्फीला, सुगंधी दुधाला आणि बिस्किटाला लावून ‘यात पिस्ता नाही’, ‘यात बदाम नाही’ असे छापावयास लावण्यात कोणती घटनात्मक अडचण आहे? स्वाद कोणत्याही वर्गाचा असो, त्यातील मुख्य द्रव्याचे आणि द्रावकाचे नाव निदान घाऊक बाटलीवर असलेच पाहिजे आणि ती बाटली फोडून सुटी विकण्यास मनाई असली पाहिजे.

राहिली सुटी मिठाई. २०२० च्या नियमांनी वेष्टित पदार्थांवर शेंगदाणा आणि सुकामेवा यांचा उल्लेख सक्तीचा केला. केंद्रीय परवान्याची किंवा दहा वा अधिक शाखांची जी उपाहारगृहे आहेत, त्यांनाही ही माहिती देणे भाग पडले. परंतु वरळी नाक्यावरचे एका गाळ्याचे मिठाईचे दुकान यांपैकी कशातच बसत नाही. त्याची बर्फी वेष्टनात नसते आणि त्याच्या शाखाही नसतात. एवढ्याशा दुकानदाराला किती लिहावयास लावावे, असा युक्तिवाद येथे होतो. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या प्रत्येक थाळीपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिण्याची सक्ती झाली, तेव्हाही व्यापाऱ्यांकडून विरोध झाला होता. ‘बंगाली मिठाई, दोन दिवस’ असे लिहिता येत असेल, तर त्याच पाटीवर तारखेखाली ‘दाणे आहेत’ किंवा ‘दाणे नाहीत’ हे दोन शब्दही लिहिता येतील आणि ते खोटे ठरल्यास शिक्षा कोणत्या कलमाखाली, हे प्रशासनाने पुढच्या दिवाळीपूर्वी जाहीर करावे.